आमदारासाठी राखीव

"मॅडम, काल पंढरपूरच्या एस्टीत जागा घावली का?"

"घावली मामी. आमदारांसाठी राखीव लिहिलंय ना, त्या शीटवर बसले. कंडक्टर काही बोलला नाही."

"बोलतोय कशाला! त्या शीटवर खरा आमदार बसल्याला सांगोल्याच्या लोकांनीच बघितलाय. आमचं गणपतआबा."

"गणपतराव देशमुख ना? अकरा वेळा निवडून आलेले?"

"अकरा. मतदारसंघ एक, पक्ष एक, शेकापचा लाल बावटा. आता पाच वर्सात तीन गमजं बदलत्यात. त्यांची नावं न्हाय घेत, भिंतीला कान असत्यात, आन् आपलं तर नुसतं तारेचं कुंपण हाय."

"मूळचे इथलेच का?"

"न्हाय की! पेनूरचं, मोहोळ तालुक्यातलं. वकील माणूस. १९६२ ला हितनं पयल्यांदा आमदार झालं, आन् २०१४ ला शेवटचं. तवा वय किती? पंच्याऐंशीच्या वर! सगळीकडं मोदींचं वारं, हितं मात्र आबाच."

"कधी हरलेच नाहीत?"

"दोनदा हरलं. १९७२ ला काकासाहेब साळुंख्यांनी पाडलं. १९७४ ला पोटनिवडणूक लागली, तवा परत आलं. दुसरं १९९५ ला, शहाजीबापू पाटलांनी."

"ते ‘काय झाडी, काय डोंगार’वाले?"

"तेच. गुवाहाटीवरनं फोनवर तसं बोललं, तवा लोक हसलं त्यांना, मला न्हाय हसू आलं. माणदेशात जल्म गेल्यावर गुवाहाटीची झाडी बघून माणूस येडा व्हणारच की! हितं बाभळ आन् डाळिंब सोडून हिरवं काय दिसतंय?"

"पण पाणी आलंय ना आता?"

"टेंभू, म्हैसाळ योजनांचं आलंय. पर किती वर्सांनी! आटपाडीला पाणी परिषद भरायची, नागनाथअण्णा नायकवडी आन् आबा. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं जमायची. कृष्णेचं पाणी उचलून हिकडं आणायचं म्हणल्यावर आमचं सासरं म्हणायचं, पाणी कवा चढाला जातंय व्हय? ह्या पाण्यावरनं आमच्या घरात अजून भांडण हाय बघा."

"ते का?"

"मी म्हणते, पन्नास वर्सं एकाच माणसाला निवडून दिलं, मग पाण्याला एवढा उशीर का? आमचं हे म्हणत्यात, विरोधी बाकावरच्या आमदाराचं सरकार ऐकतंय कुठं? मंत्री झालं ते दोनदाच. १९७८ ला शरद पवारांच्या आन् १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात. बाकी सगळा जल्म समोर बसून सरकारला हिशेब इचारण्यात गेला. मला हे पटतंय बी, आन् न्हाय बी. पर सूतगिरणीचं मात्र मान्य करावं लागतंय. कापसाचं बोंड न पिकणारा तालुका, आन् आबांनी हितं सहकारी सूतगिरणी चालवून दाखवली! दुसरीकडं ऊस मुबलक असून कारखानं बुडवणारी माणसं हायत."

"२०१९ ला उभे नव्हते ना?"

"न्हाय. नातवाला उभं केलं, डॉक्टर अनिकेतला. ते पडलं, हजाराच्या आत मतांनी. पाडलं कुणी? परत बापूंनीच. २०२१ ला आबा गेलं. मग २०२४ ला दुसरं नातू, डॉक्टर बाबासाहेब, त्यांनी बापूंना पाडलं. फिटंफाट."

"म्हणजे घराणेशाहीच की, मामी."

"म्हणा की. आबांच्या हयातीत म्हणायची सोय नव्हती, आता हाय. त्या शीटवर बसून मुंबईला जाणारा नातू दिसला, तर मी सोता पेढं वाटीन."

"१९९५ ला किती मतांनी हरले होते हो?"

"दोनशेच्या आत! दोन-चार घरांनी हिकडची मतं तिकडं केली असत्याल, बास."

"तुमच्या घरातली?"

"माझं तर बावट्यालाच. आमच्या ह्यांनी कुठं टाकलं ते अजून सांगितलं न्हाय. ओ, ऐकताय न्हवं? मॅडम इचारत्यात, पंच्याण्णवला कुणाला दिलं?... बघा, लगेच टीव्हीचा आवाज वाढवला."