साडेतीन टनांत संसार

म्युनिक

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,


मोटरहोम घेणार म्हटल्यावर बाबांनी इंजिन किती ताकदीचं ते विचारलं आणि आईने लोणच्याची बरणी कुठे ठेवणार ते. दोन्हींत आईचा प्रश्न जास्त तांत्रिक आहे, हे पटवण्यासाठी आजचं पत्र. इंदूरला छत्रीबागेत ते जाहीर वाचलं जाणार, याची कल्पना आहे.

आमच्या साध्या परवान्यावर ३५०० किलो पासिंगपर्यंतचीच (म्हणजे सामानसुमान, माणसं धरून कमाल वजन) गाडी चालवता येते. समजा, कागदावर गाडीचं वजन ३०५० किलो आहे. त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के डिझेल धरलेलं असतं. उरले ४५०. आणखी तिघं प्रत्येकी ७५ किलोचे, म्हणजे २२५ गेले. (रात्री सराफ्यात खायला जायचा नेम पाळणारा माणूस ७५ किलोचा धरणं हा युरोपचा भाबडेपणा आहे.) पाण्याची टाकी शंभर लिटरची, पण बरेच कारखानदार वजनात वीसच लिटर धरतात, ती भरली की आणखी ८० किलो. बाहेरचं छत, दुसरा गॅस सिलिंडर, टेबल-खुर्च्या मिळून ७५ धरा. राहिले ७०. त्यात चौघांचे कपडे, अंथरुणं, कुकर, मिक्सर, पोह्यांची पिशवी आणि त्यांवर भुरभुरायचं जीरावन! शिवाय कागदावरच्या वजनात पाच टक्के इकडेतिकडे चालतात. ३०५० चे पाच टक्के म्हणजे १५२ किलो. गाडी तेवढी जड निघाली, तर बरणी चढण्याआधीच आपण ८२ किलोंनी ओव्हरलोड.

बाबा म्हणतील, म्हणूनच इंजिन दणकट घ्या. पण इंजिन कितीही तगडं असलं तरी पासिंग एका किलोनेही वाढत नाही. उलट मोठ्या इंजिनाबरोबर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेतला, तर त्याचं जादा वजन आपल्याच ७० किलोंतून जातं. मग घाटाचं काय? आपल्याकडे कालाकुंडहून पाताळपाणीला चढताना मीटरगेजच्या गाडीला जास्तीचं इंजिन लावायचे, ते बाबांच्या डोळ्यांसमोर असणार. इथे मात्र हिशोब वेगळा आहे. बरीच मोटरहोम ज्या गाडीवर बांधतात, त्या फियाट डुकाटोचं २.२ लिटर डिझेल इंजिन १४० अश्वशक्तीचं मिळतं आणि १८० चंही. साडेतीन टनांची गाडी सहा टक्के चढावर ताशी ८० ने न्यायला, वारा धरून, साधारण १०० अश्वशक्ती पुरते. १४० म्हणजे टनामागे ४०. चाळीस टनांचा ट्रेलर ५०० अश्वशक्तीवर, म्हणजे टनामागे साडेबारावर, आल्प्समधला ब्रेनरचा घाट चढतो. हळू चढतो, पण चढतो. आपल्याला फार तर एक गिअर खाली टाकावा लागेल. १८० ने ओव्हरटेक सोपं होईल हे कबूल. पण ओव्हरटेक करून पोचायचं कुठे, तर चहाला!

दुसरा आक्षेप असा, की पासिंगच वाढवून घ्या. घेता येतं, पण मग वरचा परवाना काढा, जर्मनीत मोटरवेवर ताशी १०० च्या आत राहा आणि ऑस्ट्रियात किलोमीटरगणिक टोल भरा. तिसरा आक्षेप खास आपल्याकडचा: कोण बघतंय? इथे पोलीस गाडी वजनकाट्यावर घेतात, आणि पोलीस नसले तरी ब्रेक आणि टायर बघत असतातच. सामान कुठे ठेवलं यावरही बरंच ठरतं. मागच्या आसाच्या दोन मीटर मागे ६० किलोच्या सायकली टांगल्या आणि दोन आसांत चार मीटर अंतर असलं, तर मागच्या आसावर ९० किलो पडतात आणि पुढच्यावरचे ३० कमी होतात. डुकाटोची ओढ पुढच्या चाकांवर. ती चाकंच हलकी झाली तर ओल्या चढावर १८० घोडे जागच्या जागी टापा आपटत राहतील. म्हणजे ताकद रस्त्यावर उतरवायची, तरी आधी वजनाचाच विचार हवा.

तेव्हा निर्णय असा: इंजिन १४० चं, आणि वाचलेले पैसे हलक्या गाडीला. सही करण्याआधी तीच गाडी काट्यावर चढवायची आणि वजनाची चिठ्ठी मागायची. कॅटलॉगवर विश्वास ठेवायचा नाही. आईने बरणी जरूर आणावी, फक्त चिनीमातीची नको. प्लास्टिकच्या डब्यात तेवढ्याच वजनात लोणचं जास्त मावतं. डब्याचं वजन वजा जाता जे भरता येतं, पेलोड म्हणतात तो हाच.

आपला आज्ञाधारक,
बाळू