सर्व्हररावांना हळद लागली हो!

तीर्थस्वरूप सर्व्हरराव,
मु. पो. जिन्याखालची खोली, सातारा आणि सांगली.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपल्या कृपेने सध्या दोन्ही जिल्ह्यांत सगळं सुरळीत बंद आहे.

पूर्वी कुठल्याही कचेरीत गेलं की 'साहेब जेवायला गेलेत' असं सांगायचे. त्यात एक धोका असायचा, साहेब कधीतरी परत यायचे. आपण आल्यापासून तीही भीती गेली. प्रिंटरचा कागद संपो, कॅशियर चहाला जावो, पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी हरवो, काउंटरवरून एकच आकाशवाणी: 'सर्व्हर डाऊन आहे.' ऐकणारा मुकाट्याने घरी जातो. एवढी पत आमच्या ग्रामदैवतालाही उरलेली नाही. फक्त एकच अडचण आहे. आपण खरोखर आजारी पडता तेव्हा कुणी ढुंकूनही बघत नाही.

हे पत्र मी साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत, आपल्यासमोर फरशीवर मांडी घालून लिहितोय. आज दसऱ्याचा दुसरा दिवस. खंडेनवमीला संस्थेने आपली यथासांग पूजा केली. कपाळाला हळदकुंकू, पुढच्या जाळीवर झेंडूचा घसघशीत हार आणि वरून गोंड्यांची मखमली झूल. मग एसी बंद करून, खोलीला कुलूप लावून मंडळी सोनं वाटायला गेली. आपण आत चालूच. आपल्यासारख्यांच्या खोलीत १८ ते २७ अंश तापमान असावं असं जाणकार सांगतात, आणि हवा पुढच्या जाळीतून आत घेऊन मागे सोडायची एवढाच तर आपला श्वास. नाकावर झेंडू बांधल्यावर आपण काय करणार? आधी पंखे बोंबलले, मग जीव वाचवायला आपण स्वतःच बंद झालात. सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला फोन केला, "पूजा करूनसुद्धा बंद पडला हो!"

गेली वीस वर्षं मी कराड, पेठ नाका, आष्टा असा एसटीने हेलपाटे घालतोय. बॅगेत स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, दोन इंची रंगाचा ब्रश आणि शाळकरी खोडरबर. या खोडरबराने मला जेवढे पैसे मिळवून दिले, तेवढे माझ्या डिप्लोम्याने दिलेले नाहीत. साताऱ्याच्या पावसाळ्यात हवा ओली, रॅमच्या सोनेरी दातांवर मळ चढतो आणि आपण सुरूच होत नाही. पट्टी काढायची, दात हलक्या हाताने पुसायचे, दोन्ही बाजूंचे खटके 'टक्' वाजेपर्यंत दाबायचे, की आपण पुन्हा ठणठणीत. खरं तर त्याआधी महिनाभर आपण छोट्या चुका स्वतःच दुरुस्त करून नोंदवहीत लिहीत असता. पण ती वहीच कुणी उघडत नाही.

सांगलीचं दुखणं निराळं. तिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्या अंगावरही वाचता येतं. एका व्यापाऱ्याकडे झाकण उघडलं तर आत सगळं पिवळं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये बोटभर जाडीची पिवळी गादी. नवरदेवाला हळद एकदाच लागते, आपल्याला बारा महिने. त्यात पोरगा ब्लोअर घेऊन धावला. त्याला म्हटलं, "थांब बाळा, आधी पंख्याच्या पात्यात काडी अडकव." नाहीतर वाऱ्याने पंखा वेड्यासारखा फिरतो आणि त्याचं बेअरिंगच जातं.

आता त्या केशरी दिव्याविषयी. आपल्या पोटात चार डिस्क, एक गेली तरी बाकीच्या तीन घर चालवतात. एकत्र कुटुंबच म्हणा. एक गेली की आपण केशरी दिवा लावता आणि टीं-टीं ओरडता. एका कार्यालयात शिपाईमामांनी त्या दिव्यावर देवीच्या फोटोचा स्टिकर चिकटवला होता, "डोळ्याला टोचतो" म्हणून. ओरडणं थांबवायचं बटण कुठल्या मेन्यूत आहे, हे मात्र तिथल्या क्लार्कला बरोबर सापडलं. आठ महिने तिघींनी संसार रेटला. मग दुसरी गेली आणि सगळं घर बसलं. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा हिशेब मांडला. तपासणीत वाचायची पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच हिशेबात गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्क मोठा इशारा न देताच गेल्या होत्या, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे दिवा बघायचाच, आणि बॅकअपही घ्यायचा. दोन्ही कामं फुकटची, म्हणून दोन्ही होत नाहीत.

विजेचं विचारूच नका. १९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचं धरण आमच्या पाटण तालुक्यात, आणि लाईट जाते तीही आमचीच. आपल्याला दोन पॉवर सप्लाय दिलेत, एक गेला तर दुसरा असावा म्हणून. दोन्हीच्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, आणि त्याच बोर्डावर चहाची किटली! अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये खडखडीत कोरडा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर अठरा व्होल्ट दाखवत होता, तो दोन-तीनच्या आत हवा. मी दोन बादल्या पाणी ओतलं आणि आकडा उतरला. लोकांना वाटलं मी मंत्र मारला.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. सांगलीत नदीकडच्या एका पेठेत एका मालकांनी भिंतीवरची २००५ च्या पुराची खूण बघून आपल्याला तिच्यावर वीतभर उंच फळीवर बसवलं होतं. शहाणपणाचंच काम. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर मी पोचलो तोवर मालकांनी "चालू होतोय का बघू" म्हणून बटण दाबलं होतं. ओल्या गाळात वीज गेली. डिस्क न चालवता, तशाच पिशवीत घालून पुण्याला पाठवल्या असत्या तर काहीतरी हाती लागलं असतं. बॅकअपची डिस्क होती. त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर ओढला तेव्हा आधी पाणी सांडलं, मग गाळात बसलेली ती डिस्क दिसली. मालक काही बोलले नाहीत. मीही नाही.

असो. इथली झूल काढली, एसी लावला, जाळी ब्रशने झाडली, आणि आपण पुन्हा श्वास घेऊ लागलात. तारीख मात्र कुठल्या कुठे मागे गेलेली, म्हणजे आतली रुपयाएवढी बॅटरी संपली. काल-परवाचा डे-एंड होत नाही म्हणून बाहेर पिग्मीवाले ताटकळलेत. बॅटरी पन्नास रुपयांची, पण तिच्या खरेदीला संचालक मंडळाची मंजुरी लागते म्हणे. बैठक पुढच्या गुरुवारी आहे. मी माझ्या बॅगेतली घातली.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक खोडरबरवाला

ता. क. झेंडूचा हार मी मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीला घातलाय. विचारलं तर सांगा, सर्व्हर डाऊन होता.