नवोदित आमदारांस लोकप्रश्न मांडण्याविषयी काही सूचना

बेळगाव जिल्ह्यातील अठरा मतदारसंघांपैकी कोठूनही निवडून आलेल्या गृहस्थास लवकरच असा अनुभव येतो की, गळ्यातील हार सुकण्याच्या आत दाराशी अर्जदारांची रीघ लागते, आणि त्यांपैकी एकालाही लोकशाहीच्या भवितव्याविषयी काहीएक विचारावयाचे नसून, कोणाच्या गल्लीतले गटार तुंबलेले असते, कोणाच्या गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नसतो, तर कोणाच्या शेतात नाल्याचे पाणी शिरलेले असते. अशा प्रसंगी गांगरून जाऊन काही अननुभवी सभासदांनी खरोखरच गटार उपसण्याची व्यवस्था केल्याचे ऐकिवात आहे. तसा प्रमाद पुन्हा कोणाच्या हातून घडू नये, एवढ्याच सद्हेतूने प्रस्तुत सूचना लिहिल्या आहेत.

प्रश्न मांडणे आणि प्रश्न सुटणे या दोन सर्वस्वी स्वतंत्र क्रिया आहेत, हे प्रथम मनात पक्के बिंबवावे. मांडलेला प्रश्न वर्तमानपत्रात येतो, सभागृहाच्या कामकाजात छापला जातो आणि पुढील निवडणुकीच्या पत्रकात चौकट मिळवतो. सुटलेला प्रश्न मात्र चार दिवसांत विस्मृतीत जातो, कारण नीट वाहणारे गटार पाहून कोणाही मतदारास आमदाराची आठवण होत नाही.

अर्ज नेहमी उभ्याने आणि दोन्ही हातांनी स्वीकारावा. वडगावच्या शिवारातील एखादे वृद्ध शेतकरी येऊन, ‘अण्णा, बळ्ळारी नाल्याचं पाणी परत भातात शिरलंय बघा, बासमती कुजायला लागलीय,’ असे म्हणाले, तर नुसते ‘अरेरे’ म्हणून भागत नाही. ‘किती एकर हो मामा?’ असे विचारावे. आकडा विचारणारा मनुष्य कामाचा वाटतो. आकडा मिळताच तो स्वीय सहायकास टिपून घ्यावयास सांगावा, मामांच्या पाठीवर हात ठेवावा आणि ‘अधिवेशनात काढतो की विषय, काळजी कशाला करताय?’ असे म्हणून पुढील अर्जदाराकडे वळावे. अर्ज मराठीत असला तरी परत करू नये. संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे दाखल करण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५०व्या अनुच्छेदाने प्रत्येकास दिला आहे. त्याचे उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, किंबहुना ते मिळावे की नाही, याविषयी घटनाकारांनी जे मौन पाळले, ते पुढे कचेऱ्यांनी निष्ठेने सांभाळले आहे.

आता मुहूर्ताविषयी. नाल्याला पूर येतो जुलै-ऑगस्टात, आणि बेळगावचे अधिवेशन भरते हिवाळ्यात. वरकरणी ही गैरसोय वाटेल. परंतु थोडा विचार करता यातील योजकता ध्यानात येते. डिसेंबरात नाल्याचा पूर ओसरलेला असतो, दुबार पेरणी केलेल्या शेतकऱ्याने जे काही हाती लागले ते घरात भरलेले असते, आणि मंत्रिमहोदयांना स्थळ दाखवावयास नेले तरी पायांना चिखल लागत नाही. पावसाळी अधिवेशन असते ते पाचशे किलोमीटर दूर बेंगळूरला. तेथवर या पाण्याचा वास पोहोचत नाही.

हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधाचा परिचय या ठिकाणी करून देणे अगत्याचे आहे. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे पहिले अधिवेशन भरले २००६ मध्ये, आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते या भव्य वास्तूचे उद्घाटन झाले. सुमारे दहा दिवस ती गजबजते आणि उरलेले वर्षभर चिंतनात मग्न असते. २०२२च्या उन्हाळ्यात एका कामगार स्त्रीने तिच्यासमोर शेवया वाळत घातल्याचे छायाचित्र सर्वत्र फिरले, मोठा गहजब झाला आणि त्या बाईचे काम गेल्याच्या बातम्या आल्या. आमच्या अल्प मतीस मात्र असे वाटते की, त्या वर्षी त्या आवारात मुदतीत पुरे झालेले आणि लोकांच्या पोटी लागणारे काम तेवढे एकच असावे. याच शहरात १९२४ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळी पाहुण्यांना पाणी पुरावे म्हणून गंगाधरराव देशपांडे प्रभृतींनी आधी विहीर खणली आणि मग ठराव केले. टिळकवाडीतील ती काँग्रेस विहीर अद्याप उभी आहे. नवोदितांनी ती अवश्य पाहावी, परंतु तिचे अनुकरण करू नये; पाणी आधी लागले तर ठरावासाठी विषयच उरत नाही.

प्रश्नाचे तारांकित, अतारांकित असे प्रकार आहेत, ते नियमांच्या पुस्तकात सापडतील. आम्ही फक्त प्रश्नाची घडण सांगतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींचे उदाहरण घ्या. तेथे बायका तंबाखू झोडपतात, चाळतात, निवडतात. तोंडाला पदराचा वा फडक्याचा बोळा बांधलेला असतो, तरी भुकटी नाकातोंडात जाते, डोळे चुरचुरतात आणि संध्याकाळी घरी गेल्यावर खोकल्याची उबळ भाकरी थापू देत नाही. यावर प्रश्न असा रचावा: (अ) वखारींतील धुळीमुळे कामगार स्त्रियांच्या प्रकृतीस अपाय होतो, हे शासनाच्या निदर्शनास आले आहे काय? (आ) आले असल्यास कोणती कार्यवाही करण्यात आली? (इ) केली नसल्यास विलंबाची कारणे काय? जाणकारांस उत्तर आगाऊ ठाऊक असते: (अ) तशी तक्रार आलेली नाही. (आ) आणि (इ) प्रश्न उद्भवत नाही. हे उत्तर हातात घेऊन मतदारसंघात परतावे, पत्रकार बोलवावेत आणि शासनाच्या असंवेदनशीलतेचा तीव्र निषेध नोंदवावा. आपण सत्ताधारी पक्षाचे असल्यास निषेधाऐवजी खेद नोंदवावा.

सभागृहात मराठीत बोलण्याची इच्छा असेल तर त्यासही वाट आहे. २१०व्या अनुच्छेदान्वये, ज्यास राज्यभाषेत, हिंदीत वा इंग्रजीत आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, त्यास सभाध्यक्ष मातृभाषेची अनुमती देऊ शकतात. ती मागावी. लगेच समोरच्या बाकांवरून गदारोळ उठतो, आपणही बाणेदारपणे उभे राहतो, भाषेवर तासभर घणाघात होतो, आणि गटाराचा विषय दप्तरात जसाच्या तसा सुरक्षित राहतो. दोन्ही बाजूंच्या सभासदांस त्या रात्री गाढ झोप लागते.

येथेच सीमाभागातील आमदाराचे ते परमभाग्य येते, जे तुमकूरच्या किंवा साताऱ्याच्या आमदारास लाभत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून चालत आलेला, महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालाने अधिकच चिघळलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद ज्याच्या पाठीशी आहे, त्याला कोणत्याही खड्ड्याचे उत्तर द्यावे लागत नाही. मराठी मतांवर आलेल्याने म्हणावे की, आम्ही या मुलखात आहोत म्हणून आमचा दवाखाना सुधारत नाही. दुसऱ्याने म्हणावे की, यांचे डोळे कोल्हापूरकडे लागलेले, म्हणून इकडचा दवाखाना यांना दिसत नाही. रुग्ण मात्र फारच अरसिक असतो. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट, एवढाच भूगोल त्याला समजतो, आणि तो आपला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाची वाट धरतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने तीव्र हरकत घेतली. एकाच आजारी माणसावर दोन राज्यांनी एवढी माया करावी, असे भाग्य अन्यत्र दुर्मीळ. २०२१ मध्ये मात्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर करोना-चाचणीचा दाखला नसलेल्यास परत फिरवीत होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बसवाहकास मारहाण झाल्यावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा ती मायाही नाक्याच्या दोन बाजूंना थांबून राहिली. गंमत अशी की, निपाणीकर ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. पोरे रोज सीमा ओलांडून तासाला बसतात आणि दुपारी भाकरीला परराज्यात येतात. त्यांना यात वादग्रस्त असे काही आढळत नाही, हे वयाचे अज्ञान होय.

रस्त्यावरील सुरक्षिततेच्या बाबतीत पाहणी हाच राजमार्ग. तवंदी घाटात अपघात झाल्यावर, किंवा २०१९ व २०२१ प्रमाणे वेदगंगा यमगर्णीजवळ महामार्गावर चढल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जावे. पाण्यात घोट्याच्या वर उतरू नये. उजवा हात पूर्ण लांब करून तर्जनीने पाण्याकडे निर्देश करावा. त्या दिशेला काही दिसत नसले तरी हरकत नाही, पण शेजारच्या अधिकाऱ्याने तिकडेच पाहिले पाहिजे. छायाचित्र नीट आल्याची खात्री झाल्यावर अधिकाऱ्यास मोठ्याने विचारावे, ‘मग याला जबाबदार कोण?’ त्याने खाली मान घालावी. हा शिरस्ता उभयपक्षी मान्य आहे.

काही अनिष्ट उदाहरणांपासून सावध करणे मात्र आवश्यक वाटते. पुढे निपाणीचे आमदार झालेले प्रा. सुभाष जोशी यांनी वखारींतल्या बायकांचा प्रश्न ‘मांडण्या’ऐवजी त्या बायकांनाच संघटित केले. परिणाम व्हायचा तोच झाला. मजुरी किती, हजेरी कुठे लिहिली आणि कायद्याने काय मिळावयास हवे, हे त्या स्वतःच मालकाला विचारू लागल्या. ज्या बाईला आपले गाऱ्हाणे आपल्या तोंडाने सांगता येते, तिला आमदाराच्या बंगल्यावर चकरा मारण्याचे कारण राहत नाही, आणि चकरांवाचून राजकारण कसले? १९८१ मध्ये तर शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी निपाणीजवळ महामार्गावरच ठाण मांडून बसले. एप्रिलात गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. त्यावर या मार्गदर्शिकेला काही सुचवावयाचे नाही.

इतकी दक्षता घेऊनही एखादे काम चुकून मंजूर होतेच. अशा वेळी धीर सोडू नये. प्रथम फलक लावावा. नाव कोणत्या भाषेत वर आणि कोणत्या भाषेत खाली, यावर दोन महिने सहज जातात. तोवर नारळ फोडण्याचा मान कोणाचा हा वाद उकरून काढावा. आणि आरोग्य केंद्रासाठी नवी रुग्णवाहिका खरोखरच दाराशी येऊन उभी राहिली, तर हार घालण्यापूर्वी चालकाचे पद रिक्त आहे ना, एवढे आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावे. पुढच्या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न आयताच तयार होतो.