आपल्यावरून जग

'आपल्यावरून जग ओळखावं' ही म्हण ज्याने काढली, त्याने क्रॉस-कंपायलिंग केलेलं नसणार. टेबलावरच्या धिप्पाड इंटेल पीसीवर बसायचं आणि राउटरच्या पोटातल्या एवढ्याशा आर्म चिपसाठी प्रोग्राम बांधायचा, असा हा उद्योग. त्यात शेअर्ड लायब्ररी आली, म्हणजे दहा प्रोग्रामांनी वाटून घ्यायची .एसओ फाइल, की चांगला शिकलासवरलेला माणूस मध्यरात्री स्क्रीनशी भांडू लागतो. रूढ समजूत अशी, की इथे काही सापडत नाही म्हणून अडतं: हेडर सापडत नाही, लायब्ररी सापडत नाही, सिंबॉल सापडत नाही. माझं म्हणणं उलट आहे. जी दुखणी खरोखर जीव खातात, ती सगळं फार पटकन सापडतं म्हणून होतात. पीसी तत्पर आहे. काहीही मागा, तो आपल्याच फडताळात हात घालतो आणि 'हे घ्या' म्हणतो.

घोळ नावांपासूनच सुरू होतो. कॉन्फिगर स्क्रिप्टला दोन यंत्रं सांगायची असतात: बिल्ड म्हणजे जिथे बांधतो ते, आणि होस्ट म्हणजे जिथे प्रोग्राम चालणार ते. नवशिका हमखास उलटं भरतो, कारण इंग्रजीतला होस्ट पाहुण्यांची उठबस करतो. मराठी माणसाला खरं तर अडचण पडू नये. आपल्याकडे चुलीपाशी राबणारं माणूस वेगळं आणि पाटावर बसून 'मीठ कमी आहे' म्हणणारे यजमान वेगळे, हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. (टार्गेट नावाचं तिसरं यंत्रही असतं, पण ते खुद्द कंपायलर बांधणाऱ्यांचं दुःख आहे, त्यांना त्यांच्या नशिबावर सोडू.)

आता /यूएसआर/लिब हा पत्ता घ्या. लिनक्सच्या जगात हा पत्ता म्हणजे शिवाजी चौक. प्रत्येक गावात आहे. पाकिटावर नुसतं 'शिवाजी चौक' लिहिलं, तर कोल्हापूरचा पोस्टमन ते कोल्हापुरातच टाकणार. त्यात त्याचा काय दोष? गावाचं नाव लिहायची सोय म्हणजे सिसरूट: लायब्ररी शोध, पण या गावातल्या चौकात. हे नाव गाळायची संधी मात्र जागोजागी मिळते. लिबटूलचंच घ्या. युनिक्सच्या नाना जातींत शेअर्ड लायब्ररी बांधायच्या नाना रीती होत्या. त्या एका छत्राखाली आणायला गॉर्डन मॅट्झिगकाइट यांनी १९९६ मध्ये लिबटूल लिहायला घेतलं. लिबटूल प्रत्येक लायब्ररीसोबत एक .एलए फाइल ठेवतं. साधा मजकूर असतो, उघडून वाचता येतो. आत एक ओळ असते, 'लिबडिर', आणि तिच्यापुढे /यूएसआर/लिब. ती ओळ खरंच बोलते. राउटरच्या बोर्डावर गेल्यावर लायब्ररी तिथेच नांदणार आहे. पण लग्नाआधीच सासरचा पत्ता लिहिलेलं ते पाकीट पीसीवर उघडलं जातं. लिबटूल थेट पीसीच्या /यूएसआर/लिबमध्ये जातं, तिथली त्याच नावाची फाइल उचलतं आणि आर्मच्या लिंकरपुढे ठेवतं. 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड', लिंकर म्हणतो. त्याला दिसतं, कारण प्रत्येक ईएलएफ फाइलच्या अठराव्या बाइटपाशी कुळाचा आकडा असतो: आर्मचा ४०, चौसष्ट-बिटी इंटेलचा ६२. हेडर फाइलवर असा आकडा नसतो. पीसीवरचं भलत्याच आवृत्तीचं हेडर आत शिरलं, तर कंपायलर हूं की चूं करत नाही. प्रोग्राम बोर्डावर जाऊन कोसळतो.

जिथे घरात हात घालता येत नाही, तिथे ही अवजारं अंदाज बांधतात, आणि तोही स्वभावानुसार. मेमरी मागून देणारं फंक्शन म्हणजे मॅलॉक. तो नीट वागतो की नाही हे बघायला ऑटोकॉन्फ, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट घडवणारं अवजार, एक छोटा प्रोग्राम चालवून पाहतं. आर्मचा प्रोग्राम पीसीवर चालवता येत नाही, म्हणून ऑटोकॉन्फच्या जुन्या आवृत्त्या सरळ वाईट गृहीत धरत: समोरच्याचा मॅलॉक बिघडलेलाच असणार. मग त्याच्या जागी आरपीएल-मॅलॉक नावाचं बदली फंक्शन नेमलं जाई. ते कुणी लिहिलेलंच नसे आणि लिंकर त्याच्या नावाने टाहो फोडी. जुन्या लिबटूलचं धोरण याहून बेरकी. समोरचं यंत्र ओळखीचं नसेल, तर ते 'शेअर्ड लायब्ररी: नो' अशी एक ओळ शेकडो ओळींत सोडून देतं आणि नुसती स्टॅटिक .ए फाइल बांधून हात झटकतं. चूक नाही, इशारा नाही. लग्नाला गेलेला माणूस जेवून परत येतो, आणि नवरदेव आलाच नव्हता हे त्याला घरी कळतं.

आता सगळं सुखरूप बांधलं, बोर्डावर नेलं आणि चालवलं. उत्तर येतं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. एलएस केलं तर फाइल समोर आहे. आकार आहे, परवानगी आहे. शेल खोटं बोलत नाही, फक्त कोण हरवलं ते सांगत नाही. प्रोग्रामच्या पोटात त्याला हाताला धरून उठवणाऱ्या डायनॅमिक लोडरचा पत्ता असतो, समजा /लिब/एलडी-लिनक्स-एआरएमएचएफ.एसओ.३. बोर्डावर ग्लिबसी या नेहमीच्या सी-लायब्ररीऐवजी मसल ही दुसरी असेल, तर तिथला लोडर निराळ्या नावाचा असतो. कर्नलला लोडर सापडत नाही, आणि बोंब प्रोग्रामच्या नावाने होते. काही धूर्त लोक मसलच्या लोडरवर जुन्या नावाची पाटी लावतात, म्हणजे सिमलिंक करतात. दार उघडतं, प्रोग्राम आत जातो आणि पुढच्या सिंबॉलला ठेचकाळतो. चौकशी तरी कुणाकडे करायची? लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी देणाऱ्या, पीसीवरच्या एलडीडीला विचारा, तर तो आर्मचा प्रोग्राम पाहून 'हा डायनॅमिक नाहीच' असा निर्वाळा देतो. हा एलडीडी मुळात एक शेल स्क्रिप्ट. घरच्या लोडरला जो ओळखीचा वाटत नाही, तो त्याच्या लेखी डायनॅमिक नाही. पुन्हा आपल्यावरून जग. त्यापेक्षा रीडएल्फ बरा. तो कुणाला चालवून बघत नाही, नुसते कागद वाचतो: लोडर कोण, लायब्ऱ्या कुठल्या लागतात.

यावर कुणी म्हणेल, मग बोर्डावरच कंपाइल करा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे राउटर घरोघरी असत. त्या फ्लॅशमध्ये सीप्लसप्लस कंपायलरची एक मुख्य फाइलसुद्धा मावत नसे. दुसरा म्हणेल, शेअर्ड हवंच कशाला, सगळं स्टॅटिक बांधा. हा आक्षेप वजनदार आहे. एकुलता एक प्रोग्राम असेल, तर मीही तेच म्हणेन. पण दहा प्रोग्राम असले, की तोच माल दहा पोटांत भरावा लागतो. एलजीपीएल परवान्याची लायब्ररी असेल, तर ती बदलून पुन्हा लिंक करण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. आणि ग्लिबसीशी स्टॅटिक बांधलेल्या प्रोग्रामात नावावरून इंटरनेटचा पत्ता शोधायचं फंक्शन असलं, तर लिंकर बजावतो, की चालताना ग्लिबसीच्या त्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्ऱ्या लागतील. म्हणजे वेगळं बिऱ्हाड केलं, तरी पिठाच्या डब्यासाठी सासूबाईंकडेच यायचं.

तिसरा आक्षेप आधुनिकांचा: बोर्डासाठी सगळंच बांधून देणारी बिल्डरूट आणि योक्टो ही साधनं आल्यावर ही रड कशाला? रड कमी झाली, कबूल. पण कशाने, ते पाहा. बिल्डरूटने पीसीला जास्त हुशार केलं नाही; त्याचा हात धरला. कंपायलरला तो एक वेष्टण घालतो. कुणी पीसीच्या /यूएसआर/लिबचा पत्ता पुढे केला, की ते वेष्टण तो पत्ता असुरक्षित ठरवून काम तिथेच थांबवतं. ही तपासणी चालू ठेवायची की नाही, यासाठी बरीच वर्षं मेनूत एक पर्याय होता आणि त्याच्या नावातच 'पॅरानॉइड' हा शब्द होता. संशयी म्हणा, पण त्याचा संशय बहुधा खरा निघे. तपासणीने काम अडलं, की वैतागलेला माणूस पहिल्यांदा काय शोधी? तो पर्याय बंद कुठून करायचा, ते.