बेस गिटारला तारा कोणत्या चढवाव्यात: नंदुरबार जिल्ह्यापुरते मार्गदर्शन

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याला स्वतःचा जिल्हाधिकारी मिळाला, स्वतःची जिल्हा परिषद मिळाली. बेस गिटारच्या तारांबाबतचे धोरण मात्र अजून मिळालेले नाही. लग्नसराईत पिकअपवर चढवलेले बँड सहाही तालुक्यांत धूळ उडवत फिरतात, त्यांत की-बोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो, आणि कोपऱ्यात जनरेटरला टेकून एक बेसवाला असतो. त्याच्या गिटारवर ज्या तारा असतात त्या त्याने निवडलेल्या नसतात. कुणाच्या तरी मावसभावाने सुरतेहून जे आणले, ते त्याच्या वाट्याला येते. सबब हे मार्गदर्शन जारी करण्यात येत आहे. धडगाव तालुक्यासाठी विशेष तरतुदी शेवटी आहेत. त्या तालुक्यातील वाचकांनी दम धरावा.

प्रथम आपल्या हातातली वस्तू बेस गिटारच आहे याची खात्री करावी. तारा चार असतील आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस "दोन तुटल्या का रे भाऊ?" असे विचारत असेल, तर ती बेस आहे. या प्रश्नाला "नाही काका, हिला चारच असतात" असे खरे उत्तर देऊ नये. त्यातून बेस म्हणजे काय, मग ती वाजते का, वाजते तर ऐकू का येत नाही, असे पोटप्रश्न निघतात आणि तेवढ्यात नवरदेव घोड्यावरून उतरलेला असतो. "हो, दोन दुरुस्तीला टाकल्यात" एवढे सांगून मोकळे व्हावे.

मग लांबी मोजावी. शिंप्याकडची टेप चालेल. मानेच्या टोकाला तारांसाठी खाचा पाडलेली पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिथून तारा जिथे टेकतात त्या खालच्या ब्रिजपर्यंतचे अंतर घ्यायचे. बहुतेक गिटारींवर ते ३४ इंच भरते. १९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा हेच माप ठेवले, आणि ते अजून चालू आहे. याला लाँग स्केल म्हणतात. ३० इंचांची असेल तर शॉर्ट स्केल. शॉर्ट स्केलचा सेट मोठ्या गिटारीवर चढवायला गेलात तर तार खुंटीपर्यंत पोचत नाही. उलटे केलेत तर तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो, वेष्टन सैल पडते आणि तार मुकी होते. दुकानदार "चालून जाईल" म्हणाला तर त्याला दुकानातच चालवून दाखवायला सांगावे.

जाडीचा विषय नाजूक आहे, कारण त्यात घरचे पडतात. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. प्रचलित सेट ४५ ते १०५ चा: सर्वांत बारीक 'जी' तार ४५, सर्वांत जाड 'ई' तार १०५. बोटे कोवळी असतील तर ४० पासून सुरू होणारा सेट घ्यावा. खुंट्या उतरवून खालच्या पट्टीत वाजवायचे असेल तर जाड. घरातले वडीलधारे मात्र दोरखंडाच्या हिशेबाने जाडच घे, टिकेल, असे म्हणणार. त्यांना नम्रपणे सांगावे की ४५-१०५ च्या सेटमधली एकेक तार सुरात आणली की मानेला साधारण १८ ते २३ किलोने ओढते, चौघी मिळून ८० किलोच्या आसपास. म्हणजे एक मध्यम वजनाचा व्याही त्या लाकडी मानेला रात्रंदिवस लोंबकळत असतो. त्याहून जाड व्याही आणायचा तर मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई, ट्रस रॉड, पाव फेरा फिरवावी लागते, आणि ती फिरवण्याची चावी गिटारीबरोबर आली होती, ती आता कुणाच्या मोटरसायकलच्या डिकीत आहे हे कोणालाच माहीत नसते.

आता मुख्य प्रश्न: गुळगुळीत तार की खरबरीत? गाभ्याच्या तारेवर चपटी पट्टी गुंडाळली की फ्लॅटवाउंड. गोल तार गुंडाळली की राउंडवाउंड. फ्लॅटचा आवाज गोल, जुना, मऊ. राउंडचा आवाज उघडा, किणकिणता. १९६६ साली लंडनमध्ये 'द हू' या बँडचा जॉन एंटविसल आणि तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडचे जेम्स हाउ यांनी मिळून राउंडवाउंडचा जो सेट जमवला, त्याने बेसचा आवाजच पालटला. याच एंटविसलची त्याआधीची एक हकिगत आपल्या जिल्ह्यातील वादकांनी पाठ करून ठेवावी. १९६५ च्या सुमारास त्याला डॅनइलेक्ट्रो नावाच्या बेसवरच्या बारीक तारांचा आवाज आवडला. तार तुटली. लंडनभर फिरला, सुटी तार मिळेना. मग त्याने तारेसाठी तशीच अख्खी दुसरी गिटार विकत घेतली, आणि ही खरेदी तेवढ्यावर थांबली नाही. तेव्हा तळोद्याच्या दुकानात ढोलकीच्या वाद्या, हार्मोनियमचा भाता आणि बेंजोच्या तारा मिळूनही "बेसची तार मागवावी लागेल" असे ऐकायला मिळाले तर खचू नये. लंडनही एकेकाळी तळोदाच होते.

तर खरबरीत की गुळगुळीत, याचा निकाल शास्त्रावर सोडू. ई तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ कंपने होतात. गावातला भोंगा, तोच जो मंदिरावरही असतो आणि प्रचाराच्या जीपवरही, त्याला साधारण ३०० च्या खालचे नीट बोलताच येत नाही. म्हणजे तुमचा मूळ स्वर भोंग्याच्या गळ्यातून बाहेरच पडत नाही. तरी तो ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण तारेतून ४१ च्या पटीतले वरचे स्वरही निघत असतात आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा स्वर स्वतःच जुळवून घेतो. पण त्यासाठी वरचे स्वर भरपूर हवेत. ते फ्लॅटमध्ये कमी, राउंडमध्ये जास्त. सबब भोंगा असेल तर राउंड.

आणि डीजेच्या १८ इंची बॉक्सांची भिंत असेल तर? तिथे ४१ कंपने येतात, इतकी येतात की पत्रे थरथरतात. पण तिथेच ढोल आहे, ऑक्टोपॅडचा किक आहे, आणि कॅसिओवाल्याचा डावा हात आहे. आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा की-बोर्ड कॅसिओच असतो, आणि कोणत्याही कॅसिओवाल्याचा डावा हात तुमचा बेस आधीच वाजवत असतो. या गर्दीत मऊ तार घातलीत तर तुम्ही वाजवताय की नुसते उभे आहात हे तुम्हालाही कळणार नाही. वरचे स्वर असतील तरच त्या चिखलातून बोट वर निघेल. सबब डीजे असला तरी राउंडच. ज्यांना शास्त्राने दोन्ही बाजूंनी एकच उत्तर दिलेले आवडत नाही त्यांनी फ्लॅट घेऊन भजनी मंडळात वाजवावे. तिथे ती खरोखर शोभते.

राउंडमध्येही धातू पाहावा. स्टेनलेस स्टील सर्वांत झणझणीत, पण मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, खाते. निकेलचा मुलामा दिलेले स्टील मधले, आणि हाताला बरे. तारेवर अतिबारीक थर दिलेले एलिक्सरसारखे सेट घामाला दाद देत नाहीत, पण खिशाला फार दाद मागतात.

घाम हा आपल्या भागात दुय्यम मुद्दा नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर, पिकअपवर सावली नाही, तारा तापून लांबतात आणि सूर उतरतो. डिसेंबरात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, तापीकाठच्या थंडीत, त्याच तारा आखडतात आणि सूर चढतो. घोड्यांच्या बाजारात याची दखल कोणी घेत नाही. राउंडच्या वेढ्यांमधल्या खाचा घाम, मेलेली कातडी आणि धूळ साठवतात; आपल्याकडे त्यात दोन स्थानिक घटकांची भर पडते. एक हळद. हळदीच्या दिवशी बँडवाल्यालाही कोणी सोडत नाही. दुसरा घटक मिरची. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते तेव्हा तिथल्या वाऱ्यालाही ठसका असतो. दिवसा बाजार समितीत आणि रात्री बँडमध्ये अशी दुहेरी नोकरी करणाऱ्याने वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, आणि तेच बोट डोळ्याला लावू नये. पुसलेली तार दुप्पट जगते असे कोणी म्हणाले तर हिशेब मागू नका, पण पुसा.

तारा बदलायच्या कधी? आपल्याकडचा सर्वमान्य नियम: तुटल्यावर. अडचण अशी की बेसची तार सहसा तुटतच नाही. ती जागच्या जागी मरते आणि वर्षानुवर्षे गिटारीवरच राहते. वरचे स्वर जातात, सूर नीट जुळेनासा होतो, आणि वादकाला वाटते आपला कान बिघडला. या काटकसरीला आंतरराष्ट्रीय आधार मात्र आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड तारा वापरी, उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवी, आणि तुटेपर्यंत तारा बदलत नसे. निम्म्या जगाने त्याच्या बेसवर नाच केला. तेव्हा शहाद्याच्या एखाद्या वादकाने "मी जेमरसनच्या पंथाचा" असे सांगून जुन्याच तारा ठेवल्या तर तो गैर नाही, फक्त त्याच्या तारा फ्लॅट असायला हव्यात आणि थोडे त्याच्यासारखे वाजवताही यायला हवे. याच जेमरसनचे नाव मोटाउनच्या तबकडीवर छापून यायला १९७१ उजाडले. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी पाठ असलेल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, ते पुढच्या वरातीत विचारून पाहावे.

मेलेल्या राउंड तारा उकळून जिवंत करण्याचा प्रयोग जगभर होतो आणि तो थोडासा खरा आहे. पाण्यात दहा मिनिटे खदखदल्या की खाचांतला चिकट मळ सुटतो आणि काही दिवस किणकिण परत येते. वाकून थकलेला धातू मात्र परत येत नाही. कोरड्या करायला नंदुरबारचे ऊन उत्तम. पातेले कोणते घेणार, हे आईला आधी सांगावे. नंतर सांगून उपयोग नसतो, कारण हळदीचा तो रंग तिने ओळखलेला असतो.

नव्या तारा चढवताना एकेक करून बदलाव्यात, मानेवरचा ओढा एकदम सोडू नये. तार खुंटीपलीकडे दोन खुंट्यांच्या अंतराइतकी जादा ठेवावी. कापण्याआधी पकडीने काटकोनात वाकवावी, मगच कापावी. नाहीतर वेष्टन सुटते आणि तार मांडवाआधीच उलगडते. चढवल्यावर हाताने थोडी ताणून पुन्हा सुरात घ्यावी. हे सगळे आखाजीच्या आदल्या रात्री करू नये, आठवडाभर आधी करावे.

सूर लावण्याबाबत नवापूरकरांना एक सोय आहे. त्यांचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. तिथल्या त्या प्रसिद्ध, सीमेवरच्या बाकावर गिटार आडवी धरून बसल्यास नट गुजरातमध्ये आणि ब्रिज महाराष्ट्रात ठेवून सूर लावता येतो. याचा आवाजावर परिणाम होत नाही, पण दोन्हीकडचे पाहुणे खूश होतात.

धडगाव तालुक्यासाठी विशेष तरतूद: घाटात पुढचे दुकान कधी लागेल ते सांगता येत नाही, म्हणून उतरवलेल्या जुन्या तारा फेकू नयेत, गुंडाळून गिटारीच्या पिशवीत ठेवाव्यात. मेलेली तार नसलेल्या तारेपेक्षा बरी. पाचतारी बेसचा मोह टाळावा. तिची खालची बी तार ३१ कंपनांची, ती ऐकायला डोंगर लागतो, आणि सातपुड्याला तेवढा वेळ नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या राजवाडी होळीला जाणाऱ्यांनी गिटार घरीच ठेवावी. पहाटे होळी पेटेपर्यंत रात्रभर जे ढोल तिथे वाजतात, त्यांच्यापुढे कोणत्याही जाडीची तार निरुपयोगी आहे. तिथे नाचावे.

तर मागणी नोंदवताना चिठ्ठीवर एवढे लिहावे: लाँग स्केल, निकेल राउंडवाउंड, ४५-१०५. आणि लग्नघरच्या मंडळींना एक विनंती. माइकवरून वाजंत्र्यांची नावे घेताना बेसवाल्याचेही घ्यावे. तो जनरेटरच्या बाजूला उभा असतो.