गोल्ड विंग, जुन्या रस्त्याने

होंडा गोल्ड विंग ही लांबच्या प्रवासासाठी बनवलेली मोटारसायकल. तिची चाचणी दोन प्रकारे घेता येते. पहिला प्रकार शोरूमचा: लायसन्सची प्रत, एक सही आणि जवळपासची छोटीशी फेरी. एवढ्यात गाडीचे आरसे समजतात, गाडी समजत नाही. दुसरा प्रकार गाडीमालक मित्राच्या औदार्याचा. भारतात तिची किंमत चाळीस लाखांच्या घरात जाते, त्यामुळे असे मित्र थोडे आणि त्यांतले किल्ली देणारे त्याहून थोडे. पुढील वर्णनात तसा एक मित्र, रविवारची पहाट आणि नवी मुंबईहून लोणावळ्याचा रस्ता गृहीत धरला आहे.

1974 साली जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम मांडली गेली, तेव्हा तिला ना पुढची काच होती, ना सामानाच्या पेट्या. आडव्या चार सिलिंडरचे 999 सीसीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि चेनऐवजी शाफ्ट. पेट्रोलची टाकी सीटखाली. टाकीच्या नेहमीच्या जागी नुसते आवरण, आणि त्यात अडीअडचणीसाठी सुटा काढून ठेवलेला किकचा दांडा. बटणस्टार्टवर पूर्ण विश्वास न ठेवण्याची वृत्ती फक्त आपल्याकडचीच नाही, हे त्यावरून दिसते. अमेरिकेतल्या मालकांनी बाहेरून काचा आणून बसवल्या, पेट्या लटकवल्या. कंपनीने ते पाहिले आणि 1980 पासून हा सारा संसार कारखान्यातूनच लावून द्यायला सुरुवात केली. ती गाडी ओहायोतच बनू लागली. 1988 च्या मॉडेलला सहा सिलिंडर आणि रिव्हर्स मिळाला, 2001 मध्ये इंजिन 1832 सीसीचे झाले, 2006 मध्ये एअरबॅग आली. किकचा दांडा मात्र मधेच कुठेतरी गळाला.

आजच्या गाडीचे वजन एअरबॅगसकट 390 किलो, म्हणजे तीन स्प्लेंडर आणि वर एखादा शिडशिडीत मेहुणा. सीट जमिनीपासून 745 मिलिमीटरवर असल्याने पाय व्यवस्थित टेकतात, आणि या टेकण्यातूनच फाजील आत्मविश्वास येतो. गाडी सरळ उभी असेतो वजन जाणवत नाही. ती पाचेक अंश कलली की एकदम सगळे जाणवते. गाडी आडवी झालीच, तर तिच्याकडे पाठ करून खाली बसायचे, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या कठड्याला घालायचा आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत तिला उठवायचे. ही रीत शास्त्रशुद्ध आहे. व्यवहारात मात्र भोवती जमलेले चौघे शास्त्राला वाव देत नाहीत.

सात गिअर आपोआप बदलतात. क्लच नाही, गिअरचे पेडलही नाही. त्यामुळे पहिला अर्धा तास डावा पाय आणि डावा हात बेकार असतात. पाय हवेत गिअर शोधतो; पंजा सिग्नल दिसला की सवयीने आवळला जातो आणि हाती काहीच लागत नाही. त्यातून बटणे इतकी, की इंडिकेटर द्यायला जावे आणि गाणे बदलावे.

चालू लागल्यावर मात्र चमत्कार होतो, आणि इथे थट्टा बाजूला ठेवायला हवी. आडव्या इंजिनामुळे सगळा भार खाली असतो. वेग दहा-बाराच्या वर गेला की 390 किलो कुठे गेले ते कळत नाही. पुढच्या चाकाला नेहमीचा फोर्क नसून मोटारीसारखे दुहेरी विशबोन आहे. त्यामुळे खड्डा चाकाला कळतो, मनगटाला कळत नाही. काच बटणाने वर सरकते आणि वारा डोक्यावरून निघून जातो. मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला आणि हात ठेवायला जागा आहे. मे महिन्यात पनवेलजवळ पोचल्यावर हँडलच्या मुठी गरम करण्याचीही सोय असल्याचे स्क्रीनवर दिसते.

अशी गाडी रुंद, गुळगुळीत, दूरवर जाणाऱ्या रस्त्यासाठी जन्मते. मुंबईच्या परिसरात तसे रस्ते आहेत: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू. तिन्हीवर दुचाकींना बंदी आहे. फलकावर मोटारसायकलचे चित्र असते, सीसी लिहिलेले नसते. ट्रॅक्टर, रिक्षा आणि गोल्ड विंग यांना कायदा एकाच पंक्तीत बसवतो. छपरावर गाद्या बांधलेली जुनी आठशे सीसीची मोटार ऐटीत द्रुतगती मार्गाला लागते. गोल्ड विंग जुना रस्ता धरते.

शेडुंगच्या टोलनाक्यावर भरपाई होते, कारण दुचाकीला टोल नाही. पण फुकट जाणाऱ्यांची वाट डाव्या कडेची, आणि ती आखणाऱ्याच्या मनात स्कूटर होती. पेट्या सांभाळत गाडी तिथून काढणे हा चाचणीतला सर्वांत कठीण भाग. पुढे प्रत्येक गावात गतिरोधक. गाडीचे पोट जमिनीपासून फार उंच नाही, म्हणून त्यावर तिरके चढायचे. मागून येणारा टेम्पो या तिरकेपणाचा वेगळाच अर्थ काढतो आणि हॉर्न देतो.

चहाला थांबल्यावर तोंडी परीक्षा होते. प्रश्न ठरलेले असतात: किंमत किती, टॉप किती, ॲव्हरेज किती. पहिल्या उत्तरावर कोणाचा विश्वास बसत नाही. तिसरे उत्तर, लिटरला अठराच्या आसपास, ऐकून सगळ्यांना मनापासून वाईट वाटते. “एवढ्यात फ्लॅट आला असता,” असे एक काका म्हणतात, आणि तो कोणत्या गावात हे विचारण्यात अर्थ नसतो. मग निघताना बटण दाबून गाडी ताशी सव्वा किलोमीटरच्या आतल्या वेगाने मागे येते. हा क्षण आजच्या 1833 सीसी इंजिनाच्या साऱ्या पराक्रमांवर मात करतो. “मागं पण जाते!” ही बातमी भजी तळणाऱ्यापर्यंत पोचते.

खोपोलीनंतर बोरघाट. शिंगरोबाच्या देवळाशी येणारेजाणारे नाणे टाकतात. घाटाची वाट इंग्रज साहेबाला शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे. नाणे टाकण्यातून एअरबॅगवाल्यांनाही सूट नाही. वळणांवर गाडी अंगापेक्षा कितीतरी चपळ निघते, फक्त ट्रकमागे रांगताना तिचे सातही गिअर आणि चालकाचा तोल पणाला लागतात. आणि मग खंडाळ्याच्या अलीकडे भूगोल कायद्यावर कुरघोडी करतो. घाटात दोन रस्त्यांना जागा नसल्याने जुना रस्ता थोडे अंतर द्रुतगती मार्गातच मिसळतो. काही मिनिटे गोल्ड विंग हक्काने द्रुतगती मार्गावर असते. त्या मिनिटांत तिथे बहुधा वाहतूक कोंडी असते.

लोणावळ्यात मागची 61 लिटरची पेटी चिक्कीने भरता येते. पेटी भरल्यावर गाडीच्या वागण्यात काही फरक पडत नाही, हेही चाचणीतच धरावे. मागून आणलेली गाडी टाकी भरून परत करायची असते. ही टाकी 21 लिटरची आहे.