चेन उघडी ठेवा

भाचा पुण्याहून आला तो टूथब्रशची दांडी अर्धी कापूनच. पाठीवरचं ओझं ग्रॅमाग्रॅमाने कमी करणाऱ्यांचा एक पंथ जगभर आहे, त्यात तो नुकताच दाखल झाला होता. तंबू नको, गादी नको. बिव्ही बॅग नावाची माणसाच्या लांबीची पिशवी असते, पाणी आत न येणारी. स्लीपिंग बॅगसकट तिच्यात शिरायचं, चेन ओढायची आणि उघड्यावर झोपायचं. आल्प्समधले गिर्यारोहक असे झोपतात. स्कॉटलंडने तर 2003 च्या कायद्याने मोकळ्या रानात मुक्कामाचा हक्कच देऊन टाकला आहे. आमच्या वाट्याला सोलापूरचा अक्कलकोट रोड होता.

दुपारी एमआयडीसीतून चालत निघायचं, वाटेत रानात झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घ्यायचं, असा बेत. "मामा, शहर संपलं की लगेच जंगल!" भाचा म्हणाला. शहर संपेना. यंत्रमागांची खडखड, टॉवेलांचे गठ्ठे भरणारे टेम्पो, पुन्हा खडखड. एका फाटकावरच्या वॉचमनने पिशवी हातात घेतली आणि कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. सोलापुरात कापड असंच बघतात. "ह्यातून वारं कुठनं जातंय ओ?" त्याने विचारलं. इतका शास्त्रशुद्ध प्रश्न त्या सबंध प्रवासात दुसऱ्या कुणी विचारला नाही.

नकाशावर कुंभारीच्या आसपास माळ दिसत होता. प्रत्यक्षात तिथे घरंच घरं. आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची 10,000 घरं झाली. मग रे नगरची 30,000 घरांची योजना आली आणि त्यातली 15,000 जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना मिळाली. डोक्यावर पक्कं छत यावं म्हणून ज्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या, त्यांच्या वसाहतीवरून हा मुलगा छत नसलेली जागा शोधत चालला होता. तिथे कुणी "कुठं चाललाव?" असं विचारलं की मी नुसतं "अक्कलकोट" म्हणायचो.

अखेर तूर काढलेलं एक रान सापडलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. शिजवणं नाही, तापवणं नाही, आणि दिवसेंदिवस टिकते. हलक्या प्रवासाच्या पंथाने सोलापूरला शाखा काढायला हरकत नाही. डासांच्या भीतीने भाच्याने चेन डोक्यावरून पार बंद केली. मी शेजारी चादर पांघरून पडलो. रस्त्याने ट्रक अंगावर आल्यासारखे यायचे. 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' हे ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं, त्यामुळे धीर मिळायचा तो घाबरून झाल्यावर.

मध्यरात्री बॅटरीचा झोत पडला. शेताचे मालक आणि त्यांचा गडी. मला त्यांनी पाहिलं न पाहिलं केलं. चादर पांघरलेला माणूस म्हणजे पदयात्री, झोपू दे. झोत थांबला तो शेजारच्या लांबट, काळ्या, बंद पिशवीवर. "पाटलाला फोन लाव," मालक हळूच म्हणाले. एवढ्यात पिशवी उठून बसली आणि आतून "कोण आहे?" असं ओरडली. गडी बांधापर्यंत पळाला.

भाचा बाहेर आला तेव्हा शर्ट ओला. पाऊस नाही, दव नाही. त्याचाच श्वास आत अडकून, गार कापडाला लागून पाणी झाला होता. "घरात ओसरी रिकामी हाय की ओ," मालक परत परत म्हणत राहिले. उरलेली रात्र आम्ही ओसरीवर काढली. परदेशातले पुस्तकपंडित पाऊस, थंडी, अस्वल यांवर उपाय सांगतात. आग्रहावर नाही.

तरीही कुणाला जायचंच असेल, तर शेतमालकाला आधी विचारा आणि तोंडाशी चेन वीतभर उघडी ठेवा. वाफ बाहेर जाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नाक दिसतं. मे महिन्यात मात्र हा उद्योग करू नका. तेव्हा सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे असतो आणि चादरींच्या या गावात गच्चीवर झोपणाराही चादर पांघरत नाही.